मालकाचा होकार

वैदेहीने मेलबॉक्स उघडला आणि तिचा हात माऊसवरच थबकला. न वाचलेला मेल ठळक अक्षरांत दिसतो. परवानगी मागणारा हा मेल साध्या अक्षरांत होता. म्हणजे तिच्याआधी कुणीतरी तो वाचला होता. वाचून उत्तरही दिलं होतं. नकार. सलग दुसऱ्यांदा.

खातं अवधूतचं, तिच्या नवऱ्याचं. पासवर्ड फक्त तिलाच ठाऊक होता आणि अवधूत जाऊन तर दीड वर्ष झालं होतं.

अंबरनाथच्या कारखान्यांना पंपांचे सील पुरवायचा धंदा त्याने हेंद्रेपाड्यातल्या याच खोलीतून उभा केला. तो गेल्यावर खरेदीखात्यातली माणसं बाईशी दर ठरवतील का, या धास्तीने तिने कुणाला काही कळूच दिलं नाही. मेल त्याच्या नावाने लिहायची, फोनवर "साहेब बाहेर गेलेत" म्हणायची. आणि चाललंही बरं का सगळं, अगदी बिनबोभाट! पण वेबसाइटचं नाव उल्हासनगरच्या मुकेशकडे नोंदवलेलं, नि त्याचा सर्व्हर उठसूट बंद. ऑर्डरी बुडायला लागल्या. अंबरनाथची एक नवी कंपनी ते नाव स्वस्तात आपल्याकडे घ्यायला तयार होती. मालकाने मेलवर 'हो' म्हटलं की काम झालं. नावाची मुदत याच महिन्यात संपत होती. नाव निसटलं तर धंदाच बसला असता.

तिने तडक मुकेशला फोन लावला.

"गिऱ्हाईक चाललं म्हणून हे असले उद्योग करता होय, मुकेशभाई?"

"अरे मॅडम, माझा काय संबंध? रोज कोणी ना कोणी सोडून जातो, मी काय सगळ्यांना पकडून ठेवतो? साहेब खुद्द 'नाही' बोलतायत." तो हसला. "घरातच विचारा ना."

वैदेहीने फोन आपटला. घरात कुणाला विचारणार, मेल्या! पण साहेब नाहीत हे त्याला आता कुठल्या तोंडाने सांगणार? जिवंत तर तिनेच ठेवले होते.

तिने पासवर्ड बदलला. नव्या कंपनीतल्या प्रीतीला पुन्हा विनंती पाठवायला सांगितली, आणि इंटरनेट ज्यावरून यायचं ती टेलिफोनची वायरच काढून चहा करत बसली. वायर लावून पाहिलं, तर मेल वाचलेला. नकार.

आधी ती घाबरली. मग तिला संतापच आला, आणि संतापाच्या पाठोपाठ रडू. या खात्यातून तिने दीड वर्ष अवधूत होऊन जगाला लिहिलं होतं. आज पहिल्यांदाच स्वतःचं वेगळं खातं उघडून तिने त्याला लिहिलं.

"अहो, मला जमतंय सगळं. खरंच जमतंय. तुम्ही आता नका दमू. सोडा."

मेल पाठवून तिने कनेक्शन बंद केलं. फोन लगेच खणखणला.

"मॅडम, प्रीती बोलतेय. अभिनंदन! सरांचं 'हो' आलं आत्ताच. आता मालक म्हणून सरांचंच नाव ठेवू ना?"

वैदेहीने पदराने डोळे पुसले.

"नको. माझं लिहा. सर वारले."

"अरे देवा! कधी?"

खोलीभर नजर फिरवून वैदेही हळूच म्हणाली, "आत्ताच."