लॅबचा खटका

मी एक जुना संगणक आहे आणि माझा स्वभाव आता चिडका झालाय. मित्रांनो, लातूरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये खिडकीशेजारी माझं टेबल होतं. नवा आलो तेव्हा लॅबप्रमुख महादेवप्पा सरांनी मला हळदकुंकू लावलं, बिल्वपत्र वाहिलं. पुढे त्याच हाताने माझ्या डोक्यावर थापा मारल्या.

शहराला रेल्वेने पाणी यायचं, तो उन्हाळा. कॉलेजात टँकर आला की त्यातलं पाणी मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. व्होल्टेज इतकं कमी की लॅब चालू असली तर मोटर पाणीच उचलायची नाही. म्हणून हॉर्न वाजला की सर लॅबचा मुख्य खटका खाली ओढायचे. कोण काय करतंय, हे विचारायची पद्धतच नव्हती.

एकदा माझी प्रणाली अद्ययावत होत होती. मुलांनी लिहिलेला प्रोग्राम मला समजेल असा करून देतो तो कंपायलर. जुना कंपायलर निघाला होता, नवा बसायचा होता, तेवढ्यात टँकर आला आणि माझा जीवच गेला. दुसऱ्या दिवशी कंपायलरला हाक मारली की मी एकच सांगायचो, "कमांड सापडली नाही." सर तीच कमांड बोटं आपटून पुन्हा पुन्हा द्यायचे. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

"हे डबडं गेलं कामातून," ते म्हणाले. "सगळं पुसून टाकतो."

निलंग्याहून शिकायला आलेल्या जगदेवीचं तोंड उतरलं. उद्या तिची परीक्षा, आणि वर्षभर खपून लिहिलेला प्रोग्राम फक्त माझ्याजवळ. व्हायरसच्या धास्तीने पेनड्राइव्ह आणायला सरांचीच बंदी होती.

"पुसू नका सर. मी बघते की."

"तू बघणार? बघ. टँकर येईपर्यंत."

ती कंपायलर नव्याने बसवायला गेली, तेव्हा मी पडद्यावर सांगितलं, मागचं काम अर्धवट आहे, आधी ते पुरं करा. सकाळी सरांनाही हेच सांगितलं होतं. त्यांनी न वाचताच मिटवलं. जगदेवीने वाचलं, खाली दिलेली कमांड टाकली आणि काम सुरू झालं.

तोच हॉर्न वाजला. सर खटक्याकडे निघाले. जगदेवी आडवी उभी राहिली.

"थांबा सर. कंपायलर बसवायलेय मी."

"सरक! होस्टेलच्या पोरी सकाळपासून कोरड्या बसल्यात. तुझा प्रोग्राम पिणार हायत का त्या?"

"टँकर थांबवा म्हणत न्हाई मी. मोटर तेवढी लावू नका. पाणी मी चढवते."

ती धावली. जिन्यावर बादल्यांची रांग लागली. तिची मैत्रीण उमादेवी खेकसत होती, "तुझ्या डबड्यापायी हात लई भरून आले माझे!" शिव्या मला बसत होत्या, पण माझा दिवा चालू होता.

जगदेवी परत आली, ओढणीला हात पुसले आणि कंपायलरला हाक मारली. या वेळी मी ओ दिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा संपता संपता पुन्हा हॉर्न वाजला. सरांचा हात खटक्यावर गेला आणि थबकला.

"कुणाचं राहिलंय का?"

"माझं राहिलंय सर," जगदेवी म्हणाली.

तिचं काम कधीच झालं होतं. तरी तिने त्यांना चांगलं ताटकळत ठेवलं. मला फार बरं वाटलं.

आज मी अडगळीत आहे. मित्रांनो, तुमच्या यंत्राला हळदकुंकू लावलं नाही तरी चालेल. ते काय सांगतंय ते वाचा, आणि खटका ओढण्याआधी एकदा विचारा. सरांना मी अजून माफ केलेलं नाही.