घ चा ध

ध चा मा करणारी माणसं जगात पुष्कळ असतात आणि ती तो ठरवून करतात. ठिपकीने घ चा ध केला, तो मात्र निव्वळ हौसेपायी.

घरात तिला ठिपकी म्हणत, कारण लहानपणापासून चौकटीच्या वहीत चौकोन रंगवून अक्षरं काढायचं तिला वेड होतं. जुन्या व्हिडिओ गेममध्ये असत तशी, पायऱ्यापायऱ्यांची अक्षरं. वय वाढलं तरी वेड गेलं नाही, उलट त्याचा धंदा झाला. यंदा तिने आठ ठिपके उंचीचा एक फॉन्ट केला आणि भरतकामाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने तो यंत्रावरच्या बोटभर स्क्रीनसाठी उचलला. आठ ठिपक्यांत वरची मात्रा, मधलं अक्षर आणि खालचा उकार कोंबायचा म्हणजे चेष्टा नाही. ध च्या डोक्यावर डावीकडे रेघ नसते, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच. पण तिथे जागा सोडली की सगळ्या ओळीला खिंडार पडल्यासारखं दिसे. तिने रेघ सरळ ओढून टाकली आणि घ-ध मधला फरक उरलेल्या एका ठिपक्यावर सोपवला. कंपनीतल्या सहा जणांनी स्क्रीनवर येणारी सगळी वाक्यं वाचून पाहिली. कुणी अडलं नाही. ठिपकी आठवडाभर हवेत होती.

मग एका सकाळी वहिनीचा निरोप आला. वहिनी भरतकामाच्या कारखान्यात होती. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. लग्न होऊन घरात आल्यावर ठिपकीनेच तिला ओट्याशी उभं राहून वाचायला शिकवलं. तरीही ठिपकीच्या फॉन्टचं नवं यंत्र हाती देताना कारखान्यातल्या मास्तरांनी सगळ्यांदेखत दोनदा विचारलं होतं, "नीट वाचता येतं ना?" वहिनीला ते फार लागलं होतं. टाइप करायला वेळ लागतो म्हणून ती निरोप बोलूनच पाठवी.

"ठिपके, यंत्र थांबलंय. म्हणतंय, मागची बाजू उधडा. नाटकाच्या पडद्याची किनार आहे गं, तीन आठवड्यांचं काम. पण यंत्रच म्हणतंय तर बसते एकेक टाका उसवून उधडायला."

ठिपकीने निरोप पुन्हा लावून ऐकला. यंत्रात असं वाक्यच नव्हतं. वाक्य होतं, 'मागची बाजू उघडा'. दोरा अडकला की मागचं झाकण उघडून तो ओढून काढायचा, एवढीच गोष्ट. कंपनीतल्या त्या सहा जणांनी जन्मात कधी सुई धरली नव्हती, त्यामुळे त्यांना उघडा दिसलं. जिचं आयुष्य टाके घालण्यात आणि उधडण्यात गेलं, तिला दुसरं काय दिसणार?

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चार वेळा लावला. मग पायात सापडतील त्या चपला सरकवून ती निघाली. सिग्नलपाशी रिक्षा अडली तेव्हा उतरून पळाली. कारखान्याचे दोन जिने चढताना स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेवटच्या पायरीवर नव्या सुचेनात.

वहिनी खिडकीशी बसली होती. मांडीवर पडदा पालथा, हातात लहान कात्री. ठिपकीने पडदा ओढून घेतला आणि किनार या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. एकही टाका तुटला नव्हता.

"तासभर झाला बसलेय," वहिनी खाली बघत म्हणाली. "कात्री लावायला हातच होईना. वाटलं, माझंच वाचण्यात काहीतरी चुकतंय. मास्तरांना विचारावं तर ते म्हणतील, बघ, सांगितलं नव्हतं? यंत्र काढून घेतील."

ठिपकीला हायसं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. कारण स्क्रीनवर वाक्य अजून तसंच होतं आणि आता तिला स्वतःलाच ते उधडा दिसत होतं. ती तडक मास्तरांकडे गेली आणि काही न सांगता त्यांना यंत्रापाशी घेऊन आली.

"मास्तर, एवढं जरा वाचता?"

मास्तरांनी चष्मा वर केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मागची बाजू उधडा." मग दचकून पडद्याकडे पाहिलं. "कुणी उधडलं?"

"कुणी नाही. वहिनीने सांभाळलं. तिथे उघडा लिहिलंय, पण माझं अक्षर चुकलंय." ठिपकीने मागचं झाकण उघडलं, दोऱ्याचा गुंता बाहेर काढला, आणि यंत्र गुपचूप सुरू झालं. मास्तर थोडा वेळ घुटमळले. "मलाही तेच दिसलं की," असं स्वतःशीच पुटपुटत ते गेले.

वहिनीचा चेहरा एवढा मोकळा झालेला ठिपकीने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"त्या ध ची रेघ तोड आधी," वहिनी म्हणाली. "रुमालावर नाव भरताना मी तिथे एक टाका सोडते. काही वाईट दिसत नाही."

"तोडते. दुपारच्या आत नवा फॉन्ट पाठवते सगळ्यांना."

वहिनीने कात्री खणात ठेवली, पालथ्या हाताने डोळे पुसले आणि यंत्राच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "म्हणजे मला वाचता येतं."