बंद पेटीतली वीज

कोपरखैरण्यातल्या एका खोलीच्या फळीवरून मी बोलतोय. मी कन्व्हर्टर. बारा व्होल्टची बॅटरी जोडलीत की बारीक शीळ घालतो आणि दुसऱ्या टोकाला तीन हजार व्होल्ट काढून देतो. इथून सगळं घर दिसतं, आणि कान देऊन ऐकायची मला खोडच आहे.

बदरुद्दीननं मला १९८५ साली बनवलं. तो तुर्भ्याच्या एका केबल कारखान्यात कामाला. केबलचं कवच कुठे फाटलंय ते माझ्यासारख्या पेटीनं तपासतात. एका बॅटरीवर अख्खी पाळी निघाली पाहिजे, असं साहेबाचं म्हणणं. म्हणून सुट्टीला हा मला उघडून बसे. तारा गुंडाळी, सोडवी, पुन्हा गुंडाळी. तरी एकाहत्तर टक्केच वीज बाहेर पडे, बाकीची नुसती उष्णता.

मग त्यानं माझ्यातला एक रेझिस्टर काढला. मी बंद झालो की आत साठलेली वीज जिरवायची, एवढंच त्याचं काम. पण चालू असतानाही तो वीज खायचा. तो गेला आणि आकडा ब्याऐंशीवर चढला.

तेव्हापासून बंद केलं तरी माझ्या पोटात वीज राहू लागली. बदरुद्दीन काठीला बांधलेल्या तारेनं, वीज बाहेर देणाऱ्या माझ्या दोन पितळी खुंट्या जोडायचा. चट् करून ठिणगी पडायची. पण तार काढली की कुठून कोण जाणे, थोडी वीज पुन्हा वर यायची. म्हणून तो खुंट्यांना तार गुंडाळूनच मला ठेवी. घरात मात्र एवढंच सांगितलेलं, हात लावू नका.

शेजारच्या भिमाबाई दारातून विचारायच्या, "बंद पेटीला बांधून कशाला ठेवता ओ भाऊ? पळून जानार हाय का ती?"

तो हसून तार आणखी घट्ट आवळायचा.

ईद दोन दिवसांवर आली. त्याची बायको आरिफा सकाळपासून चिंच लावून पितळेची भांडी घासत होती. तिची नजर माझ्या काळवंडलेल्या खुंट्यांवर गेली.

"यांची पेटी पन चकाचक करते. खूश होतील."

"कर बाई," भिमाबाई म्हणाल्या. "भांड्यांकडं काय बगत नाय तो, पेटीकडं तरी बगंल."

आरिफानं तार सोडली आणि चिंच भिजवायला मोरीत गेली. भिमाबाईंशी बोलण्यात दहा मिनिटं गेली.

इकडे माझ्या आत ते सुरू झालं. आवाज नाही, दिवा नाही. पन्नास व्होल्ट. शंभर. दोनशे. मला थांबवता येईना. ओली बोटं माझ्याकडे येताना मी पाहत होतो.

ती मागे फेकली गेली. भिमाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

बदरुद्दीन धावत आला. "तार काढून किती मिनिटं झाली होती?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"आदी तिचा हात बगा, भाऊ," भिमाबाई म्हणाल्या. "घड्याळ मग."

तिची दोन बोटं अजून बधिर आहेत.

त्याच दिवशी त्यानं रेझिस्टर परत बसवला. आकडा एकाहत्तरवर आला, आणि साहेबानं दुसऱ्याच कुणाची पेटी घेतली. ती पंच्याऐंशी टक्के देते म्हणे. एवढा आकडा कसा येतो, ते मला ठाऊक आहे.

तुमचं कुणी त्या कारखान्यात कामाला असेल, तर त्याला सांगा. पाळी संपली, बटण खाली पडलं, शीळ थांबली, तरी ती पेटी झोपलीय असं समजू नकोस.