लेविनाचा उपास

रविवारची उपासना संपली, सगळे घरी गेले, तरी लेविनाची आई चर्चच्या पायरीवरून उठेना. मी दाराला कडी घालून वळले तेव्हा ती म्हणाली, "नेने, पोरगी जेवत नाही." नेने म्हणजे आजी; गावात मला सगळे तेच म्हणतात.

"बारा वर्षांच्या मुली जेवतच नाहीत. आरशात बघतात आणि ताट सरकवतात."

"तसलं नाही हो. आठवडा होत आला, नुसत्या पाण्यावर आहे. काल उठताना पडली. आरोग्य केंद्रातली बाई म्हणाली, उद्यापर्यंत काही पोटात गेलं नाही तर खाली शहरात न्या, सलाईन लावू. नेईन मी. पण ती सुई उपटून टाकेल. मी ओळखते तिला."

"पण कशासाठी?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही शिकवलंत ना ते. याईरच्या मुलीचं."

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या किशोरांचा गट चालवते. दर रविवारी दुपारी एकेकाच्या घरी जमायचं. आधी खेळ, मग बायबल, मग खाणं. खेळ आधी, कारण दमलेली मुलं नीट ऐकतात. त्या महिन्यात याईरची गोष्ट झाली होती. त्याची बारा वर्षांची मुलगी मरते. दारात रडणाऱ्या लोकांना येशू म्हणतो, ती मेली नाही, झोपली आहे. लोक हसतात. तो आत जातो, तिचा हात धरून तिला उठायला सांगतो आणि ती उठते.

आणि लेविनाचे वडील गेल्या पावसाळ्यापासून घराच्या दक्षिणेकडच्या खोलीत आजारी होते. आमच्या बेटावरच्या या डोंगरात माणसाचा श्वास थांबला तरी मोठा विधी होईपर्यंत त्याला कोणी मेला म्हणत नाही. शरीर टिकावं म्हणून त्याला औषध टोचतात, चांगले कपडे घालतात, जेवणवेळी ताट नेतात, बाहेर जाताना त्याला सांगून जातात. विधीत कापायच्या म्हशी जमेपर्यंत, लांबचे नातेवाईक येईपर्यंत महिने जातात, कधी वर्षं. तोवर रडायचं नाही आणि तो शब्द उच्चारायचा नाही. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. माझी आई अशीच बराच काळ आजारी होती, आणि मी तिला रोज संध्याकाळी शाळेतल्या गमती सांगायचे.

लेविनाच्या वडिलांचा विधी पुढच्या महिन्यात ठरला होता. पाहुण्यांसाठी अंगणात बांबूचे मांडव उभे राहायला लागले होते.

"आजचा गट तुमच्याकडे," मी म्हणाले.

"आज तर सांपेकडे होता ना?"

"सांपेच्या आईला सांगते मी. तू फक्त भाताची पेज करून ठेव."

दुपारी मुलं चढ चढून आली. सांपे सगळ्यांत पुढे. पंधरा वर्षांचा, तोंडाळ, पण मनाने मऊ. तो थेट दक्षिणेच्या खिडकीखाली गेला आणि म्हणाला, "काका, आज जरा दंगा होणार आहे. कानावर उशी घ्या. आणि तुमच्या पेरूच्या झाडाकडे मी बघतसुद्धा नाहीये, शपथ!"

"बघत नाहीस, कारण पेरू संपलेत," एक मुलगी म्हणाली आणि सगळे हसले.

लेविना कोठाराच्या ओट्यावर बसली होती. तिला बघून मी दचकले. ओठ फुटले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला बघून ती हसली. मला त्या हसण्याचीच भीती वाटली. परीक्षेत पेपर चांगला गेलेली मुलं असं हसतात.

आम्ही मासे आणि जाळं खेळलो. चौघांनी हात धरून जाळं व्हायचं, बाकीच्या माशांनी पळायचं. सापडलेल्या माशाने हात न लावता ताटातली गुळाची वडी तोंडाने उचलून खायची. मी मुद्दाम तसा नियम केला होता. सांपे तीनदा सापडला.

"हा मासा नाही, डुक्कर आहे," मुलं ओरडली. "मुद्दाम सापडतोय!"

"लेविना, जाळ्यात ये," मी म्हणाले. "पळू नकोस, नुसती उभी राहा."

"नको नेने. मी उपास करतेय."

"बसल्या बसल्या एक वडी तर खा."

"वडी खाल्ली तर उपास कसला?" ती इतक्या समजुतीने म्हणाली, जणू मीच विद्यार्थिनी.

मग आम्ही शिडी चढून वर माजघरात बसलो. मधल्या लाकडी भिंतीपलीकडे तिचे वडील होते. दारापाशी तिचे काका, गावात आंबे तांदी म्हणून ओळखले जाणारे, पाय दुमडून बसले होते. त्या घराचे मोठे तेच, विधीही तेच बघत होते. आई चुलीपाशी होती.

माझा बेत असा होता की याईरची गोष्ट मुलांनी करून दाखवायची. मुलगी लेविना होईल. शेवटी येशू घरच्यांना सांगतो की हिला खायला द्या, तिथे पेजेची वाटी पुढे करायची. खेळाचा नियम म्हणून तरी ती दोन घास घेईल. याहून शहाणं काही मला सुचलं नव्हतं. सगळ्या वाटेवर मी दुसरं काही सुचावं म्हणून प्रार्थना केली होती आणि सुचलं नव्हतं.

लेविना चटईवर आडवी झाली. मुलं रडण्याचं नाटक करू लागली, तेव्हा काकांनी नुसतं खाकरलं. मुलं गप्प झाली. त्या घरात खोटं रडणंही चालणार नव्हतं. सांपेने तिचा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मुली, ऊठ."

ती उठून बसली. तिच्या आईने वाटी पुढे केली. पेज काठावरून सांडली.

लेविनाने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नेने, हे माझ्यासाठी रचलंत ना?"

मी हो म्हणाले. मुलांशी खोटं बोलायचं नाही, एवढं एक मी आयुष्यभर पाळलं आहे.

"मला माहीत होतं तुम्ही असं काहीतरी कराल." ती रागावली नव्हती. "मला एक सांगा. सगळे म्हणतात बाबा आजारी आहेत. तुम्हीसुद्धा. आत आलात की विचारता, आज कसं आहे. गटात आपण सगळ्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. सांपेच्या आजीच्या गुडघ्यासाठी केली. त्या लंगड्या कुत्र्यासाठीसुद्धा केली. मग बाबांसाठी एकानेही का केली नाही?"

 सांपे चटईची काडी उपसत राहिला.

"मला कळत नाही असं नाही. मी लहान नाहीये. पण विधी झाला की मग संपलं, मग देवाकडे मागता येणार नाही. आता अजून ते आजारी आहेत. आता मागता येतं. तुम्ही कोणी मागत नाही म्हणून मी एकटी मागतेय. एकटीने मागायचं तर जोर लावायला हवा ना?" तिचा आवाज बसला. "त्या गोष्टीतले लोकही हसलेच होते."

"मी हसत नाहीये, बाळा."

"मग तुम्हीपण उपास करा. सगळे करा. विधीपर्यंत."

एका मुलीने हळूच मान डोलावली. मग दुसऱ्याने.  ही सगळी पोरं करतील, प्रेमाने करतील, आणि पुढच्या महिन्यात म्हशी कापल्या जातील तेव्हा एकेक जण या घरातून काय शिकून बाहेर पडेल? आणि तोवर ही उरेल का? तिच्या मनगटाची शीर मला बसल्या जागेवरून उडताना दिसत होती. उद्या तिला शहरात नेणार. ती सुई उपटणार.

माझ्याकडे आता खेळ नव्हता, गोष्ट नव्हती. मी तिच्या आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि मी काय करणार ते तिला कळलं असावं, कारण तिने वाटी खाली ठेवली.

"लेविना," मी म्हणाले, "तुझे बाबा मेले आहेत."

काका ताडकन उठले. "नेने! या घरात?"

"ते मेले आहेत. गेल्या पावसाळ्यात मेले, मी शेजारी होते. मीच त्यांचे डोळे मिटले. तू कितीही उपाशी राहिलीस तरी ते उठणार नाहीत. तुझं मागणं कमी पडलं असं नाही. मीपण मागितलं होतं त्या दिवशी. खूप मागितलं होतं."

"बोलू नका," लेविना म्हणाली.

"तुझ्या आईनेही मागितलं होतं."

"बोलू नका! ते ऐकतायत!"

ती धडपडत उठली, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेली. मी मागे गेले. आत ती वडिलांच्या छातीवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "बाबा, नेने बघा काय म्हणतेय. बाबा, सांगा तिला." एकदा, दोनदा. मग तिने त्यांचा हात उचलून पाहिला. तो हात वाकला नाही. रोज त्यांना ताट नेणाऱ्या त्या मुलीने तो हात तसा उचलून आजवर पाहिला नसावा. किंवा पाहिला असेल, मला माहीत नाही.

मग ती रडली. आधी आवाजच नव्हता, नुसतं तोंड उघडं. मग इतका मोठा आवाज आला की घराखालच्या डुकरांनी गलका केला. तिची आई आत आली आणि तीही रडायला लागली. गेल्या पावसाळ्यापासून दोघींनी एक अश्रू गाळला नव्हता. बाहेर मुलं रडत होती, आता खरी.

काका दारात उभे होते. चेहरा दगडासारखा. "वेळ ठरलेली होती," ते मला म्हणाले. "विधीला पहिली म्हैस उभी राहिली की मग रडायचं. तुला माहीत नाही? एवढी जुनी बाई तू."

"माहीत आहे. काय दंड असेल तो सांगा. डुक्कर देईन."

"डुकराने काय होतं?"

"दादा," लेविनाची आई मान वर न करता म्हणाली, "नेनेंना बोलू नका. माझी पोर मरत होती."



रडून रडून लेविना माझ्या मांडीवर आडवी झाली. सांपे पेजेची वाटी घेऊन दारात आला. त्याचं नाक वाहत होतं. "नेने, हे गरम केलंय मी."

लेविनाने वाटीकडे बघितलं आणि मान फिरवली. "भात नको."

 मी तो शब्द बोलले, घर दुखावलं, आणि हातात काहीच आलं नव्हतं. तिची आई भिंतीला टेकली.

"ज्याचं माणूस मेलंय त्याने भात खायचा नसतो," लेविना म्हणाली. "माती देईपर्यंत. आजीने नव्हता खाल्ला आजोबांच्या वेळी. ती साबुकंद खायची."

 मग दारातले काका वळले. माळ्यावरची लोखंडी पहार काढल्याचा आवाज आला. शिडीवरून उतरत ते मुलांवर खेकसले, "बघता काय? घरामागे चला. एकटा उपटू का मी?"

तासाभराने उकडलेल्या कंदाचं ताट आलं, वाफाळलेलं, शेजारी मीठ. वरची माती नीट धुतली नव्हती. मुलं ती. लेविनाने एक छोटा तुकडा घेतला. चावायला तिला फार वेळ लागला, गिळायला त्याहून जास्त. आई तिच्या गळ्याकडे बघत होती.

"नेने," ती म्हणाली, "मग त्याने याईरच्या मुलीलाच का उठवलं?"

"मला माहीत नाही, बाळा."

"चर्चच्या पाळकांना माहीत असेल?"

"नसेल बहुतेक."

तिने माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही. मग तिने ताटातला दुसरा तुकडा उचलला.