दुसरा मिस कॉल

मी बटनाचा फोन बोलतोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. तुमच्या काचेच्या फोनांसारखी मला चित्रं दाखवता येत नाहीत. पण पडलो तर उचलून परत चालू होतो. एवढ्याचा मला गर्व होता. आता नाही.

मला कुठं जोडलं ते आठवत नाही. आठवतं ते नाशकातल्या दुकानाचं कपाट. तिथून लहानूनं मला उचललं. लहानू सुरगाण्याकडचा, पंचवटीत भाजीबाजारात हमाली करायचा. बटनांना कुलूप कसं लावायचं ते दुकानदारानं दोनदा दाखवलं. लहानू म्हणाला, "कुलूप नको भाऊ. ऐन वेळेला मला उघडायचं नाय." मलाही बरं वाटलं. कुलपात बसायला मी काय चोर आहे?

त्याची बायको सरुबाई गावी. तिच्याकडं माझ्यासारखाच एक. दोघांचं बोलणं मिस कॉलवर चालायचं. एक वाजला की येतोय, दोन वाजले की येत नाही. उचलायचा नाही, हा नियम. शहाणी माणसं याला कंजूषपणा म्हणतील. म्हणोत. सात वर्षं मी त्यांचा संसार असा चालवला, एकदाही चुकलो नाही.

मग त्यांच्या सुवर्णाला स्थळ आलं. मुलगा दत्तू, सातपूरला लेथवर कामाला. पोरीनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता. हे आईला ठाऊक होतं. लहानूनं जाऊन घर बघायचं ठरलं. लोकांच्या घरात बसून हो-नाही बोलणं बरं दिसत नाही. म्हणून पसंत असेल तर एक मिस कॉल, नसेल तर दोन. गावी कुसाबाई सरुबाईजवळ बसून राहणार. स्थळ तिनंच आणलेलं, मुलाकडं निरोपही तीच कळवणार.

लहानू तिथं जेवला. मुलगा आवडला, माणसं आवडली. बाहेर येऊन त्यानं मिस कॉल दिला, एकच, आणि मला खिशात टाकलं. खिशात चुन्याची डबी. रिक्षा खड्ड्यात आदळली. डबी माझ्या हिरव्या बटनावर बसली, एकदा, परत एकदा. ते बटन दोनदा दाबलं की शेवटचा नंबर परत लागतो. लागला. मीच लावला.

कुसाबाईनं तिथूनच नकार कळवला. दत्तूची आई भडकली. घरी बसून पोटभर जेवला आणि वर नाही म्हणतो! आठ दिवसांत त्यांनी दुसरीकडं सुपारी फोडली.

लहानूला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो पेढे घेऊन गावी गेला. मग नवरा-बायकोची जुंपली. तो म्हणे एकच दिला, ती म्हणे दोन आले. शेवटी सुवर्णानं मला हातात घेतलं. ती दहावी शिकलेली. कुणाला किती वाजता लावला ते माझ्या पोटात लिहिलेलं असतं. तिनं वाचलं.

"बाबा, दोन गेलेत."

लहानू खाली बसला. "मग माझ्याच हातून गेला असंल. डोकं चालत नाय आता माझं."

त्याच्या हातून नव्हता गेला. पण मी कसला सांगतोय! जगाचे निरोप पोचवणारा मी, स्वतःचा एक पोचवता आला नाही. पोरीनं मला पदराला पुसून त्याच्या हातात दिलं. तिनं मला आपटलं असतं तर बरं झालं असतं.

लहानू सातपूरला माफी मागायला गेला. मी त्याच्या खिशातच होतो. दाराबाहेर उभा राहून तो म्हणाला, चूक माझी. दोनदा म्हणाला. त्याला कुणी आत या म्हटलं नाही.

आता पेठकडचं स्थळ आलंय. आज सकाळी लहानूनं मला खिशातून काढून फळीवर ठेवलं. सरुबाईनं विचारलं, मग मला कळायचं कसं?

"तू चल ना. पोरगी पण येऊ दे. तिनं बघावं आन् तिनंच तोंडानं सांगावं."

तिघं जीपनं गेले. जाताना सुवर्णानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बरोबर केलं.

त्यांना यायला संध्याकाळ होईल. तोवर कुणी मला वाजवू नका. या घरात आज मला आवाज करायची लाज वाटते.