डोरोथीबाईंचा कुलवृत्तांत

कॅनडात, एटोबिकोला लेकाकडे आल्यापासून सुधाकररावांना कुणी काडीचं काम सांगत नव्हतं. त्यांनी डिशवॉशर लावला की नंदन गुपचूप सगळी भांडी परत रचायचा. फावडं घेऊन दारातला बर्फ उपसायला निघाले की "बाबा, कंबर!" म्हणून आत ओढायचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, अख्ख्या घराण्याचा कुलवृत्तांत एकहाती काढलेला माणूस, आणि इथे नुसता सोफ्यावर!

अशात शेजारच्या डोरोथी प्लम्ली चहाला आल्या. कुलवृत्तांताचं जाडजूड पुस्तक बघून त्यांचे डोळेच चमकले. म्हणाल्या, "माझी माणसं इंग्लंडहून आली, एवढंच मला माहीत आहे. कोण होती, काय करायची, इथे का आली, शोधून द्याल? मे महिन्यात मी ऐंशीची होतेय. जायच्या आधी कळावं असं फार वाटतं. पण वाढदिवसालाच सांगा हं, तोवर एक अक्षर नको."

बस्स! दुसऱ्या दिवसापासून राव डबा घेऊन लायब्ररीत. तिथल्या कॉम्प्युटरवर जुन्या इंग्रजी शिरगणत्या फुकट बघायला मिळतात म्हटल्यावर काय विचारता! आडनाव पत्रपेटीवर होतंच. यजमानांचं नाव तेवढं हवं होतं. पण बाईमाणसाला तिच्या नवऱ्याचं नाव विचारायचं कसं? त्यातून घरात त्यांचा एक फोटो नाही, म्हणजे दुःख केवढं असेल! रावांनी कोपऱ्यावरच्या सरदारजींकडून हिंदीत नाव काढून घेतलं. हॅरल्ड.

हॅरल्डचे वडील, आजोबा, पणजोबा करत राव थेट इंग्लंडातल्या डेव्हनमधल्या खेड्यात पोचले.

"अगं, पिंपं बनवायचे! त्याआधी नालबंद!"

रावांच्या पत्नी सुरेखाताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "बाईंना एकदा विचारा तरी."

"सरप्राइज आहे ते!" राव खेकसले.

वाढदिवसाला डोरोथीबाईंचे भाचे, पुतण्या, सगळे जमले. राव कोट घालून उभे राहिले. मूळपुरुष नालबंद, पलटणीतून पळालेला. त्याचा मुलगा पिंपवाला. बायको डेव्हनला टाकून क्वेबेकच्या जहाजात बसलेला. नातू सासऱ्याचं घोडं घेऊन पसार. पण कुलवृत्तांतात का कुणी 'पळाला' लिहितं? रावांनी आपल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाचं 'स्थलांतर' केलं होतं.

मग डोरोथीबाई म्हणाल्या, "हॅरल्डनंही स्थलांतरच केलं. थेट रेजिना शहरात. दाताच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टबरोबर."

जो हशा पिकला! डोरोथीबाईसुद्धा पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि ते पुसणं काही लवकर थांबेना.

"पण सुधाकर, ही त्याची माणसं. माझी कुठे आहेत?"

"आमच्याकडे लग्न झालं की..." रावांचं वाक्य तिथेच मेलं. "तुमचं माहेरचं आडनाव काय?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं रावांना. बिचारी अख्खा हिवाळा आपल्या माणसांची वाट बघत बसली होती!

घरी परतताना ते फुटपाथवर स्वतःलाच शिव्या घालत होते. "गाढव आहे मी! उद्यापासून पुन्हा सुरू. तिच्या माहेरापासून."

सुरेखाताई शेजारून चालत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, आपल्या कुलवृत्तांतात मी आहे ना?"

"म्हणजे काय! माझ्या नावाखाली. सौभाग्यवती सुरेखा."

"ते नाव तुम्ही लग्नात तांदळात लिहिलंत. मंदाकिनी कुठे आहे?"

राव थांबले. डेव्हनच्या प्लम्लींचं सात पिढ्यांचं त्यांना तोंडपाठ होतं. आणि हिच्या घरचं? लग्नात सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, तेवढंच. त्यांच्या मागे कोण होतं, देव जाणे. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मंदा," त्यांनी जन्मात पहिल्यांदा त्या नावानं हाक मारली, "तुझे आजोबा काय करायचे गं?"

सुरेखाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पदर सारखा केला, वरून कोटाची चेन ओढली.

"आधी त्यांचे शोधा," त्या म्हणाल्या. "त्या ऐंशीच्या झाल्यात. मी थांबेन अजून."