हिरव्या मोटारीची गोष्ट

रवीने चकचकीत पुस्तिका टेबलावर उताणी ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप टेकवला.

"पप्पा, कप उचला. गाडीवर ठेवलाय तुम्ही," शिवानी म्हणाली.

"गाडी कुठं आहे? हा कागद आहे. गाडी अजून समुद्रात आहे."

"बोटीनं येते म्हणून काय झालं?"

"काही नाही झालं. उद्या बरकतपुऱ्याच्या चौकात एखाद्या स्कूटरवाल्यानं आरसा उडवला, की तो आरसापण बोटीनंच येणार. तोवर तू मान बाहेर काढून मागं बघत जा."

शिवानीला हसू आलं, पण कप तिने उचललाच. छापलेल्या काळ्या गाडीच्या टपावर चहाचं गोल उमटलं होतं. तिने ते तळहाताने पुसलं.

हैदराबादमधल्या काचीगुड्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात महिनाभर हाच विषय चालू होता. घरात आजवर गाडी नव्हती. विमा ऑफिसात नोकरी करणाऱ्या रवीची एक स्कूटर होती, आणि ती बंद पडली की रस्त्यावरून आगगाड्यांचा आवाज ऐकत चालत यायचं. आता शिवानी सॉफ्टवेअर कंपनीत स्थिरावली होती आणि पहिली गाडी तीच घेणार होती. रवीचं म्हणणं, इथं बनलेली घे. गल्लीतला कारागीरही ती उघडून नीट करतो, आणि इथल्या चार माणसांच्या हाताला काम मिळतं. शिवानीला बाहेरून तयार होऊन येणारी हवी होती.

"आपली, आपली म्हणता. तिचं निम्मं सामान बाहेरूनच येतं, पप्पा."

"निम्मं तरी आपलं ना? तुझ्या गाडीत आपलं काय? चाकातली हवा. तीपण इथं आल्यावर भरली तर."

"आणि आजोबांनी चालवली ती? हिरवी मोटार? ती काय इथं सनतनगरच्या कारखान्यात बनली होती?"

"ती साहेबाची होती, बाई."

"म्हणूनच घेतेय ना. आता आजोबांची होईल. आल्या आल्या पहिल्यांदा तेच चालवणार. इथंच, गल्लीत एक चक्कर. लायसन्स कोण विचारतंय?"

खिडकीशी बसलेल्या आजोबांनी, किशनरावांनी, पेपरचं पान उलटलं. ते ओळीखाली बोट धरून वाचत. अक्षरं तिशी ओलांडल्यावर शिकलेली, त्यामुळे एक पान संपायला त्यांना बराच वेळ लागे. आज मात्र बोट पानाच्या मध्यावरच होतं, तरी पान उलटलं होतं.

"दादा, तुम्हीच सांगा," रवी म्हणाला. "तुमचं आयुष्य गाडीवर गेलं. कुठली घ्यावी?"

"बघून सांगतो," किशनराव म्हणाले.

शिवानी कपडे बदलायला गेली, रवी आंघोळीला. किशनरावांची बायको पंचफुला मेथी निवडत खाली बसली होती. तिने मान वर न करता विचारलं,

"काय बघणार?"

"गाडी."

"सांगा आता पोरीला."

किशनरावांनी पेपरची घडी घातली.

शिवानी चार वर्षांची असताना जेवत नसे. तेव्हा त्यांनी हिरव्या मोटारीची गोष्ट काढली. बंजारा हिल्सच्या बंगल्यातली, बोटीने आलेली, लांब नाकाची मोटार. तांब्याएवढे दिवे. पुढच्या चांदीसारख्या पट्टीत बघून भांग पाडावा अशी झळाळी. एका घासाला मोटार टँक बंडवर जायची, दुसऱ्याला चारमिनारपाशी, तिसऱ्याला गोलकोंड्याला, आणि चालवायला स्वतः किशनराव. पोरीने ताट संपवलं. पुढे ती मोठी झाली, गोष्ट तिच्याबरोबर मोठी झाली. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की म्हणायच्या, हेच का ते ग्रीन कारवाले आजोबा?

ती मोटार किशनरावांनी अकरा वर्षं धुतली होती. चालवली कधीच नव्हती. हे घरात दोघांनाच माहीत होतं, ते स्वतः आणि पंचफुला. पुढे तीस वर्षं त्यांनी सरकारी पाटबंधारे खात्याची जीप चालवली, ती खरी. पण त्या जीपची गोष्ट घरात कुणी कधी मागितली नव्हती.

"लेकराला जेवू घालायला सांगितली, ते ठीक होतं," पंचफुला म्हणाली. "आता लेकरू त्याच्यावर गाडी घ्यायलंय."

"हौसेनं घ्यायलीय. मी कशाला आडवा येऊ?"

"तिची हौस असती तर मी बोलले नसते. तुमची हौस समजून घ्यायलीय ती. उद्या हप्ते ती भरणार."

"आणि सांगितल्यावर? काय म्हणेल ती मला?"

पंचफुलाने मेथीची एक काडी मोडली. ती जून होती, तुटली नाही. तिने ती बाजूला टाकली.

"ते मला काय माहीत," ती म्हणाली. "मला तर लग्नाआधीपासून माहीत होतं, तरी आले की मी."

गाडीची शोरूम बंजारा हिल्सलाच होती. टॅक्सीत शिवानीशेजारी बसलेले किशनराव खिडकीतून बाहेर बघत होते. पूर्वी इथे मोठमोठे खडक होते, खडकांमध्ये एखादा बंगला. आता बंगले गेले होते, खडकही गेले होते. जागा ओळखायला काही राहिलं नव्हतं, फक्त चढ तोच होता. चढावर टॅक्सीने आवाज बदलला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

रवी आला नव्हता. "मी आलो तर भांडण होईल," तो म्हणाला होता. "दादा जे सांगतील ते मला मान्य." पायातले बूट काढावेत का, असं किशनरावांना शोरूमच्या दारातच वाटून गेलं, इतकी फरशी लखलखत होती. मध्यभागी दाखवण्यासाठी ठेवलेली काळी गाडी उभी होती. विक्रीचं काम करणारा तरुण पुढे आला आणि किशनरावांना तेलुगूत आजोबा म्हणत बोलला,

"आओ तातगारू, आओ. पहले आप देखो."

किशनरावांनी गाडीला एक फेरी घातली. मग दुसरी. त्यांचे हात मागे बांधलेले होते, ते आपोआप सुटले. उजव्या हाताची बोटं टपावरून मागे गेली, काचेच्या कडेने खाली उतरली, मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर थांबली. ते वाकले. तिरक्या नजरेने उजेडात बघितलं.

"ये धूप में धोये तुम लोग," ते म्हणाले.

"जी?"

"उन्हात धुतली. पाणी अंगावरच वाळलं. बघ, हे ठिपके. सावलीत धुवायची आणि लगेच पुसायची, वरून खाली. आता हे असे जाणार नाहीत," ते शिवानीकडे वळून म्हणाले.

तरुण वाकला. त्याला आधी काही दिसेना. मग दिसलं. "अरे बाप रे," तो म्हणाला. "क्या नजर है मॅडम आपके दादा की! कल बाहर निकाले थे, वहीच हुआ होगा."

शिवानीचा चेहरा फुलला. "तुमको क्या लगा? इंपोर्टेड गाडी चलाते थे वो. साठ साल पहले. पूरे हैदराबाद में ऐसी चार गाड्या थी."

तरुणाने दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि चालकाच्या बाजूचं दार उघडलं. "तो फिर आपीच बैठो, तातगारू. मॅडम, मैं फॉर्म लेके आता."

किशनराव उघड्या दारासमोर उभे राहिले. आतून नव्या चामड्याचा वास येत होता. शिवानी पलीकडून शिरून डाव्या सीटवर बसली आणि सीटवर थाप मारून म्हणाली, "या ना आजोबा." ते हळूच बसले, पाय आत घेतले. दार लागल्याचा आवाजही आला नाही. बाहेरची माणसं नुसते ओठ हलवताना दिसू लागली.

त्यांनी चाकावर हात ठेवले. डावा हात सवयीने खाली गेला आणि तिथे काही नव्हतं, एक लहानसं बटण होतं.

"यात गिअर नसतो," शिवानी म्हणाली. "हिरव्या मोटारीत कसं होतं? सीट अशीच होती का, चामड्याची? आतून कशी होती ती? बघा ना, इतक्यांदा सांगितलीत, पण आतलं कधी सांगितलंच नाही तुम्ही."

किशनराव समोरच्या काचेतून बघत होते. काचेपलीकडे तो तरुण कागद जुळवत होता. 'हो, चामड्याची होती' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यावर भागलं असतं.

"मला माहीत नाही, माय," ते म्हणाले.

"विसरलात?"

"बसलोच नाही मी तिच्यात."

शिवानी हसायच्या बेतात होती. त्यांच्याकडे बघून थांबली.

"मी धुवायचो ती. रोज सकाळी. अकरा वर्षं. चालवायला दुसरा माणूस होता, आतून पुसायला तिसरा. माझं काम बाहेरचं. दाराला हात लावायचा तो फक्त फडक्यानं."

"का?"

त्यांनी अंगठ्याने चाक पुसलं. तिच्या मांडीवरची पुस्तिका घसरली, ती तिने पायापाशी तशीच राहू दिली.

"एकदा मांजर शिरलं आत," किशनराव म्हणाले. "काच उघडी राहिली होती. मी दार उघडून त्याला बाहेर काढलं. बंगल्यातल्या बाईंनी गच्चीतून बघितलं. दुपारी सीटची सगळी कव्हरं काढून धुवायला टाकली."

"मांजरामुळं."

"मांजर तर रोजच शिरायचं."

शिवानी बंद काचेवर नखाने हळूच रेघ ओढत राहिली.

"मग सोडलंत ते काम?"

"नाही. पुढं चार वर्षं होतो. तुझी आजी आली होती, रवी झाला होता." ते थांबले. "गोष्ट सांगताना वाटलं, धुणारा कशाला सांगायचा लेकराला. तू चार वर्षांची. मग तू मोठी झालीस, आणि मला काही ती गोष्ट थांबवता येईना. गाडी घ्यायची तर घे. तुझी कमाई आहे, चांगली गाडी आहे. पण माझ्यासाठी घेऊ नको. मी त्या मोटारीतला नाही."

शिवानीचे डोळे भरून आले होते. तिला ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून ती समोर बघत होती. मग तिने नाक ओढलं आणि रागावल्यासारखं विचारलं,

"मग कशातले आहात?"

"काय?"

"पहिल्यांदा कुठल्या गाडीत बसलात तुम्ही? आत?"

"जीपमध्ये. खात्याच्या." किशनरावांना जरा हसूच आलं. "तिच्यात बसायचं म्हणजे काय! ना धड टप, ना दार. खालचा पत्रा इतका तापायचा, की चप्पल चिकटायची. मी हेल्पर म्हणून लागलो होतो. पहिल्या दिवशी मोजणीच्या साखळ्यांजवळ मागं जाऊन बसलो. ख्वाजामियाँ चालवायचे. वळून बघितलं त्यांनी. म्हणाले, 'अरे उधर कायकू बैठा बे? मेरे बाजू में आ. मैं अकेला किससे बातां करूं?'"

"मग?"

"मग गेलो पुढं. काय बोलावं कळेना. तेच बोलत राहिले. वर्षभरानं चाक हातात दिलं. लिहिता येत नव्हतं, तर तेच म्हणाले, गाडी कहां गयी, कितनी चली, रोज लिखना पडता, सीख ले. दुपारी जीपच्या सावलीत धुळीत अक्षरं काढायचे माझ्यासाठी."

"हे कधीच नाही सांगितलंत."

"त्याच्यात काय सांगायचं? इथलीच साधी जीप. खडखड करायची."

"श्रीशैलमला नेली होती ना तुम्ही? आजी म्हणते."

"दर महिन्याला! धरणाचं काम चालू होतं. जंगल संपलं की घाट लागायचा." ते सीटवर सरळ झाले. त्यांचा उजवा हात चाकावर घट्ट बसला. "खाली तिसऱ्या गिअरवर यायचं. पहिल्या वळणापर्यंत ओढायची. मग आवाज जड व्हायला लागायचा, ऐकत राहायचं. घाबरून आधीच बदलायचं नाही, आणि उशीरही नाही करायचा. गिअरला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, हाताला चटका बसू नये म्हणून. एका बाजूला दरी. ख्वाजामियाँ तेवढ्यात पान लावायचे..."

त्यांचा डावा हात बटणाच्या वर, रिकाम्या हवेत, मुठीसारखा मिटला होता.

तरुण परत आला. कागद काखेत धरून त्याने शिवानीच्या बाजूच्या काचेवर टकटक केलं. तिने काच थोडी खाली घेतली.

"मॅडम, फॉर्म भर लें? कलर यहीच रखना ना?"

"जरा ठैरो, भैया," शिवानी म्हणाली. तिची नजर त्या मुठीवर होती. "अभी घाट में हैं हम."

किशनरावांनी दुसरा गिअर टाकला.